मेरी क्युरी

मेरी स्क्लोडोव्स्का-क्युरी (७ नोव्हेंबर १८६७ – ४ जुलै १९३४) या पोलंडमध्ये जन्मलेल्या व फ्रान्समध्ये कार्य केलेल्या भौतिकशास्त्रज्ञ व रसायनशास्त्रज्ञ होत्या. किरणोत्सर्ग या संकल्पनेची शास्त्रीय मांडणी आणि पोलोनियम व रेडियम या दोन मूलद्रव्यांचा शोध ही त्यांची प्रमुख कामगिरी होय. नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला असून भौतिकशास्त्र (१९०३) व रसायनशास्त्र (१९११) अशा दोन वेगवेगळ्या विज्ञानशाखांत हे पारितोषिक मिळालेल्या त्या एकमेव व्यक्ती आहेत. सुमारे छत्तीस वर्षे त्या किरणोत्सर्गी पदार्थांच्या सहवासात वावरल्या. अस्थिमज्जेच्या ज्या विकाराने त्यांचा मृत्यू झाला, तो किरणांच्या दीर्घकालीन माऱ्यामुळे जडला असे मानले जाते. त्यामुळे किरणोत्सर्गाचा मानवी शरीरावर काय परिणाम होतो, या ज्ञानाच्या इतिहासात संशोधक आणि बाधित व्यक्ती अशा दोन्ही नात्यांनी त्यांचे स्थान आहे.

बालपण व शिक्षण

मेरी यांचा जन्म वॉर्सा येथे झाला. त्या काळी हे शहर रशियन साम्राज्याच्या अमलाखाली होते. त्यांचे मूळ नाव मारिया सालोमेया स्क्लोडोव्स्का. पाच भावंडांत त्या धाकट्या होत्या. वडील व्लादिस्लाव गणित व भौतिकशास्त्राचे शिक्षक होते, तर आई ब्रोनिस्लावा मुलींची निवासी शाळा चालवीत असत. थोरली बहीण झोफिया टायफसने दगावली. त्यानंतर १८७८ मध्ये आईचे क्षयरोगाने निधन झाले. तेव्हा मेरी दहा वर्षांच्या होत्या.

पोलंडमध्ये मुलींना विद्यापीठाचे दरवाजे बंद असल्याने मेरी व त्यांची बहीण ब्रोनिया यांनी गुप्तपणे चालणाऱ्या ‘फिरत्या विद्यापीठा’त शिक्षण घेतले. पुढे दोघींनी आपसांत एक करार केला. ब्रोनियाने पॅरिसला जाऊन वैद्यकाचे शिक्षण घ्यावे व तिचा खर्च मेरीने भागवावा. नंतर ब्रोनियाने मेरीला साहाय्य करावे. या करारानुसार मेरी यांनी काही वर्षे सधन कुटुंबांत मुलांची शिक्षिका म्हणून नोकरी केली. १८९१ मध्ये त्या पॅरिसला गेल्या व सॉरबॉन विद्यापीठात दाखल झाल्या. १८९३ मध्ये भौतिकशास्त्राच्या पदवी परीक्षेत त्यांनी पहिला क्रमांक मिळविला आणि १८९४ मध्ये गणिताची पदवी दुसऱ्या क्रमांकाने संपादन केली.

१८९४ मध्ये त्यांचा पिएर क्युरी यांच्याशी परिचय झाला. पिएर हे चुंबकत्व व स्फटिकांच्या गुणधर्मांवर मूलभूत काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ होते. २६ जुलै १८९५ रोजी पॅरिसजवळील सो या गावी त्यांचा विवाह साध्या पद्धतीने झाला. त्यांना आयरीन (जन्म १८९७) व एव्ह (जन्म १९०४) या दोन मुली झाल्या.

किरणोत्सर्गाचे संशोधन

नोव्हेंबर १८९५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ व्हिल्हेल्म राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले. त्यानंतर काही महिन्यांतच, १८९६ मध्ये, हेन्री बेक्वेरेल यांना युरेनियमच्या क्षारांतून आपोआप किरण बाहेर पडत असल्याचे आढळले. क्ष-किरणांमागे अनेक संशोधक लागले होते. युरेनियमच्या किरणांकडे मात्र फारसे कोणी वळले नव्हते. मेरी यांनी १८९७ च्या अखेरीस डॉक्टरेटच्या प्रबंधासाठी हाच विषय निवडला.

पिएर व त्यांचे बंधू झाक यांनी तयार केलेल्या अतिसंवेदनक्षम विद्युतमापीचा त्यांनी उपयोग केला. किरणांमुळे हवा विद्युत्‌वाहक बनते. त्या विद्युत्‌प्रवाहाचे मापन करून किरणांची तीव्रता ठरविता येते. अनेक संयुगे तपासल्यावर मेरी यांना दिसून आले की, किरणांची तीव्रता केवळ युरेनियमच्या प्रमाणावर अवलंबून असते. ते कोणत्या संयुगात आहे, ओले आहे की कोरडे, याचा त्यावर परिणाम होत नाही. यावरून किरणोत्सर्ग हा अणूचाच गुणधर्म असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. थोरियमही असेच किरण बाहेर टाकते हे त्यांनी दाखवून दिले.

पिचब्लेंड हे खनिज त्यातील युरेनियमच्या मानाने सुमारे चौपट क्रियाशील आढळले. त्यात एखादे अज्ञात मूलद्रव्य असावे, या अनुमानाने पिएर यांनीही आपले काम बाजूला ठेवून मेरी यांना साथ दिली. जुलै १८९८ मध्ये पोलोनियमचा शोध जाहीर झाला. पारतंत्र्यातील मायदेशाची आठवण म्हणून मेरी यांनी त्याला हे नाव दिले. याच शोधनिबंधात किरणोत्सर्गितेसाठी आज रूढ असलेली संज्ञा प्रथम वापरली गेली. २६ डिसेंबर १८९८ रोजी गुस्ताव्ह बेमाँ यांच्या सहकार्याने रेडियमचा शोध जाहीर करण्यात आला.

शेडमधील काम

नव्या मूलद्रव्याचा अणुभार निश्चित केल्याशिवाय रसायनशास्त्रज्ञ त्याला मान्यता देणार नव्हते. त्यासाठी शुद्ध रेडियम वेगळे काढणे आवश्यक होते. बोहेमियातील योआखिमस्ताल येथील खाणीत युरेनियम काढून घेतल्यावर उरलेला पिचब्लेंडचा चोथा ऑस्ट्रियाच्या शासनाच्या मदतीने मिळाला. पिएर ज्या संस्थेत शिकवीत, तिच्या आवारातील एक जुनी शेड प्रयोगशाळा म्हणून वापरण्यास मिळाली. पूर्वी तेथे वैद्यकीय विद्यार्थी शवविच्छेदन करीत. छप्पर गळके होते व विषारी वायू बाहेर काढण्याची सोय नव्हती.

मेरी एका वेळी वीस किलोपर्यंत माल उकळून जवळजवळ स्वतःच्या उंचीच्या लोखंडी दांड्याने तो ढवळीत असत. विरघळविणे, गाळणे, निक्षेपित करणे व पुन्हापुन्हा स्फटिक बनविणे हे काम सुमारे चार वर्षे चालले. १९०२ मध्ये सुमारे एक दशांश ग्रॅम रेडियम क्लोराइड त्यांच्या हाती आले व रेडियमचा अणुभार २२५ असल्याचे त्यांनी जाहीर केले. आजचे स्वीकृत मूल्य २२६ आहे.

रेडियमचे विघटन होताना रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू सतत निर्माण होतो. त्या काळी त्याला उत्सर्ग असे संबोधले जाई. उकळण्याच्या व गाळण्याच्या क्रियांत हा वायू व किरणोत्सर्गी धूळ शेडमधील हवेत मिसळत असे. क्युरी दांपत्य हीच हवा श्वसनावाटे घेत होते. रेडियमच्या क्षारांचा अंधारात दिसणारा मंद निळसर प्रकाश त्यांना मोहवीत असे आणि रात्री तो पाहण्यासाठी ते मुद्दाम शेडमध्ये जात.

शरीरावरील परिणामांच्या पहिल्या नोंदी

क्ष-किरणांमुळे त्वचा भाजते व केस गळतात, हे १८९६ पासूनच लक्षात येऊ लागले होते. रेडियमचाही असाच परिणाम होतो हे १९०० मध्ये जर्मनीतील ओटो वाल्कहोफ व फ्रीडरिख गीझेल यांनी नोंदविले. गीझेल यांनी रेडियमचा क्षार स्वतःच्या दंडावर दोन तास बांधून ठेवला होता.

पिएर क्युरी यांनी हा प्रयोग स्वतःवर करून पाहिला. तुलनेने कमी क्रियाशील असा क्षार त्यांनी दंडावर दहा तास ठेवला. त्वचा लाल झाली, परंतु सुरुवातीस वेदना नव्हती. पुढील दिवसांत लाली वाढत गेली. विसाव्या दिवशी खपल्या धरल्या व नंतर जखम झाली. बेचाळिसाव्या दिवशी कडेने नवी त्वचा येऊ लागली. बावन्न दिवसांनंतरही सुमारे एक चौरस सेंटिमीटर भाग बरा झालेला नव्हता. तेथील करडा रंग खोलवरच्या ऊतींची हानी दर्शवीत होता. याच सुमारास बेक्वेरेल यांनी रेडियमची नळी वेस्टकोटच्या खिशात बाळगली असता त्यांच्या त्वचेवरही अशीच जखम झाली. या दोघांनी १९०१ मध्ये एकत्रित शोधनिबंध प्रसिद्ध केला. मेरी यांना पातळ धातूच्या डबीतील छोट्या नळीमुळे अर्ध्या तासाहून कमी वेळात झालेली इजा त्यात नोंदविली आहे. तिची खूण पंधरा दिवसांनी उमटली. क्रियाशील द्रव्ये हाताळल्याने दोघांच्याही बोटांची टोके कठीण व वेदनामय होऊन त्यांची साल निघत असे.

या नोंदींतून किरणोत्सर्गी इजेची तीन लक्षणे स्पष्ट झाली. किरण शरीरात शिरताना काहीही जाणवत नाही. इजा दिसण्यास दिवस किंवा आठवडे लागतात. झालेली जखम सामान्य भाजण्यापेक्षा फार सावकाश भरून येते. संवेदना व परिणाम यांतील हे अंतरच पुढील काही दशकांत अनेक संशोधकांना व कामगारांना घातक ठरले.

उपचारातील उपयोग

किरणांनी ऊतींचा नाश होतो, तर रोगट ऊतींचाही नाश करता येईल, हा विचार याच निरीक्षणांतून पुढे आला. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातील त्वचारोगतज्ज्ञ आंरी डान्लो यांनी १९०१ मध्ये क्युरींकडून मिळालेल्या रेडियमचा वापर त्वचेच्या क्षयावर सुरू केला. त्यानंतर कर्करोगाच्या गाठींवर रेडियमचा उपयोग होऊ लागला. फ्रान्समध्ये ही उपचारपद्धती क्युरी-उपचार या नावाने ओळखली जाऊ लागली. रेडियमच्या शुद्धीकरणाच्या कृतीचे एकाधिकारपत्र न घेण्याचा निर्णय क्युरी दांपत्याने घेतला व ती कृती सर्वांसाठी खुली ठेवली.

पहिले नोबेल पारितोषिक व पिएर यांचा मृत्यू

जून १९०३ मध्ये मेरी यांना डॉक्टरेट मिळाली. त्याच वर्षीचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक बेक्वेरेल, पिएर व मेरी यांना विभागून देण्यात आले. प्रारंभीच्या शिफारशीत मेरी यांचे नाव नव्हते. ही गोष्ट कळल्यावर पिएर यांनी त्यांच्या कार्याचा आग्रहपूर्वक उल्लेख केला व त्यांचा समावेश झाला. प्रकृती व अध्यापनाची जबाबदारी यांमुळे हे दांपत्य समारंभास जाऊ शकले नाही. त्या वर्षी मेरी यांचा गर्भपात झाला होता व त्यांना सतत थकवा जाणवत होता. पिएर यांना पायांत तीव्र वेदना होत. त्यांवर संधिवात समजून उपचार चालू होते. या तक्रारींचा संबंध त्या वेळी रेडियमशी जोडला गेला नाही. आज त्यांचे नेमके कारण निश्चित करणे शक्य नाही.

१९०४ मध्ये पिएर यांनी शार्ल बुशार व व्हिक्टर बाल्ताझार या वैद्यांसह रेडॉनचे प्रयोग केले. हा वायू मिसळलेल्या बंदिस्त हवेत ठेवलेले उंदीर व गिनीपिग काही तासांत मरण पावले. शवविच्छेदनात फुफ्फुसांत रक्त साचल्याचे व श्वेत रक्तपेशींत बदल झाल्याचे आढळले. जून १९०५ मध्ये स्टॉकहोम येथे दिलेल्या नोबेल व्याख्यानात पिएर यांनी रेडियमच्या दीर्घ संपर्काने पक्षाघात व मृत्यूही ओढवू शकतो, असे सांगितले आणि दुष्टांच्या हाती हे द्रव्य घातक ठरेल, अशी शंका व्यक्त केली.

१९ एप्रिल १९०६ रोजी पॅरिसमध्ये रस्ता ओलांडताना घोड्यांच्या मालवाहू गाडीखाली सापडून पिएर यांचा मृत्यू झाला. त्यांच्या जागी मेरी यांची नियुक्ती झाली. ५ नोव्हेंबर १९०६ रोजी त्यांनी पहिले व्याख्यान दिले. सॉरबॉनमध्ये अध्यापन करणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

दुसरे नोबेल पारितोषिक

१९१० मध्ये मेरी यांनी आंद्रे दबिएर्न यांच्यासह रेडियम धातुरूपात वेगळे केले. त्याच वर्षी ब्रसेल्स येथील परिषदेत किरणोत्सर्गितेच्या एककाला क्युरी हे नाव देण्यात आले. १९११ मध्ये त्यांनी रेडियमचा आंतरराष्ट्रीय प्रमाण नमुना तयार केला. रुग्णाला दिली जाणारी रेडियमची मात्रा सर्व देशांत एकाच मापाने मोजता यावी, यासाठी या नमुन्याचे महत्त्व होते.

जानेवारी १९११ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीच्या निवडणुकीत त्यांचा अल्प मतांनी पराभव झाला. त्याच वर्षी भौतिकशास्त्रज्ञ पॉल लाँजव्हाँ यांच्याशी असलेल्या त्यांच्या संबंधांवरून वृत्तपत्रांनी त्यांच्यावर कठोर टीका केली. अशा परिस्थितीत त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले व त्यांनी स्टॉकहोमला जाऊन ते स्वीकारले. त्यानंतर त्या गंभीर आजारी पडल्या. १९१२ मध्ये त्यांच्यावर मूत्रपिंडाची शस्त्रक्रिया झाली व कित्येक महिने त्या कामापासून दूर राहिल्या.

पहिले महायुद्ध व क्ष-किरण सेवा

१९१४ मध्ये पॅरिसमधील रेडियम संस्थेची इमारत पूर्ण झाली, परंतु त्याच वेळी महायुद्ध सुरू झाले. मेरी यांनी आपल्याजवळील एक ग्रॅम रेडियम शिशाच्या जड पेटीतून बोर्दो येथे सुरक्षित ठेवले व त्या पॅरिसला परतल्या. जखमी सैनिकांच्या शरीरातील गोळ्या व अस्थिभंग शोधण्यासाठी रणभूमीजवळ क्ष-किरण यंत्रे नसल्याचे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी मोटारींत क्ष-किरण यंत्र व त्याला वीज पुरविणारा डायनॅमो बसवून फिरती केंद्रे तयार केली. सैनिकांत या गाड्या ‘लहान क्युरी’ म्हणून ओळखल्या जात. त्यांनी अशा सुमारे वीस गाड्या सज्ज केल्या व रुग्णालयांत सुमारे दोनशे स्थिर केंद्रे उभारली. मेरी स्वतः मोटार चालवावयास शिकल्या. सतरा वर्षांची आयरीन त्यांच्यासोबत काम करीत असे. सुमारे दीडशे महिलांना त्यांनी क्ष-किरणतंत्राचे प्रशिक्षण दिले. या सेवेचा लाभ दहा लाखांहून अधिक सैनिकांना झाला, असे मानले जाते.

त्या काळातील क्ष-किरण नळ्यांना आजच्यासारखे आच्छादन नसे. पडद्यावरील प्रतिमा पाहताना चालक किरणांच्या वाटेत किंवा अगदी जवळ उभा राहत असे. हातमोजे व धातूचे पडदे एवढेच संरक्षण असे आणि जखमींच्या रांगा लागल्यावर तेही पुरेसे पाळले जात नसे. मेरी व आयरीन या परिस्थितीत चार वर्षे काम करीत होत्या.

रेडियम संस्था व धोक्यांची वाढती जाणीव

युद्धानंतर मेरी यांनी रेडियम संस्थेच्या उभारणीस वाहून घेतले. संस्थेच्या एका विभागात भौतिकी व रसायन यांचे संशोधन चाले, तर क्लॉडियस रेगो यांच्या विभागात जीवशास्त्र व कर्करोगोपचार यांचे काम होई. १९२१ मध्ये अमेरिकेतील महिलांनी वर्गणी जमवून घेतलेले एक ग्रॅम रेडियम राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्या हस्ते त्यांना देण्यात आले. १९२२ मध्ये फ्रेंच वैद्यक अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले. १९२९ मध्ये अमेरिकेतून आणखी एका ग्रॅमची देणगी मिळाली. ती त्यांनी वॉर्सा येथील रेडियम संस्थेसाठी दिली.

याच दशकात किरणांचे धोके ठळक होऊ लागले. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमयुक्त चमकदार रंग लावणाऱ्या तरुणी कुंचल्याचे टोक ओठांनी निमुळते करीत. त्यामुळे रेडियम पोटात जाऊन त्यांची जबड्याची हाडे झिजू लागली व अनेकींना रक्तक्षय आणि हाडांचे विकार जडले. पाच कामगार महिलांनी दाखल केलेल्या खटल्यात १९२८ मध्ये तडजोड होऊन त्यांना भरपाई मिळाली. फ्रान्समध्ये १९२५ च्या सुरुवातीस किरणोत्सर्गी द्रव्यांच्या उद्योगात काम करणारे दोन अभियंते रक्ताच्या विकाराने मरण पावले. १९२७ मध्ये हर्मन मुलर यांनी क्ष-किरणांमुळे फळमाश्यांच्या आनुवंशिक गुणांत बदल होतात हे सिद्ध केले. १९२८ मध्ये स्टॉकहोम येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत किरणांपासून संरक्षणासाठी स्वतंत्र समिती स्थापन झाली.

मेरी यांची या प्रश्नाबाबतची भूमिका संमिश्र होती. सहकाऱ्यांनी रेडियम चिमट्याने उचलावे, शिशाच्या पडद्यामागे उभे राहावे व नियमित रक्ततपासणी करून घ्यावी, असा त्यांचा आग्रह असे. स्वतः मात्र त्या हे नियम काटेकोरपणे पाळीत नसत. मोकळी हवा, विश्रांती व व्यायाम यांनी रक्त पूर्ववत होते, असा त्यांचा विश्वास होता. काही जण सुट्टीवरून परतल्यावर बरे दिसत, यामुळे हा समज दृढ झाला असावा. त्यांच्या स्वतःच्या बोटांवर जुन्या भाजल्याचे व्रण होते आणि कानांत गुणगुण होत असे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाल्याने त्यांच्यावर अनेक शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. दृष्टी मंदावल्याची गोष्ट त्यांनी बराच काळ निकटवर्तीयांपुरतीच ठेवली.

अखेरचे आजारपण व मृत्यू

१९३४ च्या वसंतात मेरी यांना सतत ताप व अशक्तपणा जाणवू लागला. फुफ्फुसाच्या जुन्या क्षयाची शंका घेऊन डॉक्टरांनी त्यांना आल्प्सच्या परिसरातील सांसेलमोझ येथील आरोग्यधामात हलविले. तेथील तपासणीत फुफ्फुसांत दोष आढळला नाही, परंतु रक्तातील तांबड्या व श्वेत पेशींची संख्या वेगाने घटत असल्याचे दिसले. अप्लास्टिक ॲनिमिया, म्हणजे अस्थिमज्जा नव्या रक्तपेशी निर्माण करेनाशी होते असा रक्तक्षय, हे निदान झाले. ४ जुलै १९३४ रोजी पहाटे त्यांचे निधन झाले. दीर्घकाळ साचत गेलेल्या किरणांच्या परिणामामुळे अस्थिमज्जेने प्रतिसाद दिला नसावा, असे मत आरोग्यधामाच्या प्रमुखांनी नोंदविले. सो येथील दफनभूमीत पिएर यांच्याशेजारी त्यांचे दफन करण्यात आले.

किरणोत्सर्ग व शरीर: आजचे आकलन

किरण शरीरातून जाताना अणूंमधील इलेक्ट्रॉन बाहेर फेकले जातात व पेशींतील डीएनएच्या साखळ्या तुटतात. काही तुटी पेशी स्वतः दुरुस्त करते. दुरुस्ती न झाल्यास पेशी मरते. दुरुस्ती चुकीची झाल्यास पेशी जिवंत राहते, पण तिच्यापासून अनेक वर्षांनी कर्करोग उद्भवू शकतो. वेगाने विभाजन पावणाऱ्या पेशींना सर्वाधिक धोका असतो. हे तत्त्व बर्गोनिए व ट्रिबोंदो या फ्रेंच संशोधकांनी १९०६ मध्ये मांडले. अस्थिमज्जा, आतड्याचे अस्तर, केसांची मुळे व गर्भ यांना प्रथम इजा होते, ती याच कारणामुळे.

परिणाम दोन प्रकारचे असतात. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त मात्रा मिळाल्यावरच दिसणारे परिणाम हा पहिला प्रकार. त्वचा भाजणे, मोतीबिंदू, मज्जेची कार्यक्षमता नष्ट होणे ही त्याची उदाहरणे होत. येथे मात्रेबरोबर आजाराची तीव्रता वाढते. संपूर्ण शरीराला अल्पावधीत सुमारे एक ग्रे मात्रा मिळाल्यास रक्तावर परिणाम दिसू लागतो. सुमारे चार ग्रे मात्रेनंतर उपचार न मिळाल्यास निम्म्या व्यक्ती दगावू शकतात. कर्करोगासारखे परिणाम हा दुसरा प्रकार होय. येथे मात्रेबरोबर आजाराची तीव्रता नव्हे, तर आजार होण्याची शक्यता वाढते.

किरणांचा उगम शरीराबाहेर आहे की आत, हेही निर्णायक असते. अल्फा कण त्वचेच्या बाह्य थरात अडतात. परंतु त्यांचा उगम पोटात किंवा फुफ्फुसांत गेल्यास ते फार हानिकारक ठरतात. रेडियम हे रासायनिकदृष्ट्या कॅल्शियमसारखे असल्याने हाडांत साठते व शेजारच्या मज्जेवर वर्षानुवर्षे मारा करते. गॅमा व क्ष-किरण मात्र बाहेरूनच शरीर भेदून जातात व मागे कोणतेही किरणोत्सर्गी द्रव्य ठेवीत नाहीत.

मृत्युकारणाची फेरतपासणी

२० एप्रिल १९९५ रोजी मेरी व पिएर यांचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये समारंभपूर्वक हलविण्यात आले. स्वतःच्या कर्तृत्वामुळे हा सन्मान मिळालेल्या त्या पहिल्या महिला होत. तत्पूर्वी कबर उघडताना फ्रान्सच्या किरणसंरक्षण कार्यालयाने मापन केले. मेरी यांचे अवशेष शिशाचा थर असलेल्या शवपेटीत होते. रेडियमचा अर्धायुकाल सुमारे १,६०० वर्षे असल्याने मृत्यूसमयी शरीरात असलेले रेडियम ६१ वर्षांनी जवळजवळ तेवढेच, म्हणजे सुमारे ९७ टक्के, शिल्लक असणे अपेक्षित होते. शवपेटीतील हवेत रेडॉनचे प्रमाण दर घनमीटरला ३६० बेक्वेरेल इतके आढळले. शरीरात मोठ्या प्रमाणावर रेडियम साठले असते, तर हा आकडा कितीतरी अधिक असता.

या निष्कर्षावरून मेरी यांचा आजार पोटात गेलेल्या रेडियममुळे नव्हे, तर युद्धकाळातील क्ष-किरणांमुळे झाला असण्याची शक्यता अधिक आहे, असे मत कार्यालयाने व्यक्त केले. बाहेरून शरीरावर पडलेल्या गॅमा किरणांचीही खूण अवशेषांत राहत नाही. त्यामुळे रेडियम हाताळताना मिळालेली बाह्य मात्रा या मापनाने नाकारली जात नाही. स्वतःच्या शोधानेच त्यांचा बळी घेतला, हे प्रचलित विधान म्हणूनच पुराव्याने पूर्णपणे सिद्ध झालेले नाही. सैनिकांचे प्राण वाचविण्याच्या कामाचा त्यांच्या आजारात मोठा वाटा असू शकतो.

कुटुंबीय व सहकारी

आयरीन व त्यांचे पती फ्रेडरिक जोलिओ यांना कृत्रिम किरणोत्सर्गितेच्या शोधाबद्दल १९३५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा शोध मेरी यांच्या हयातीतच, १९३४ च्या प्रारंभी लागला होता. आयरीन यांचे १९५६ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. युद्धकाळातील क्ष-किरण व पोलोनियम यांच्याशी त्यांचा दीर्घकाळ संबंध आला होता. मेरी यांच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून दाखल झालेल्या मार्गरीत पेरे यांनी १९३९ मध्ये फ्रान्सियमचा शोध लावला. त्यांचा मृत्यू १९७५ मध्ये कर्करोगाने झाला. धाकटी कन्या एव्ह विज्ञानाऐवजी लेखन व पत्रकारितेकडे वळल्या. त्यांनी लिहिलेले आईचे चरित्र १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले व अनेक भाषांत पोहोचले. २००७ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

वारसा

क्युरियम या मूलद्रव्याला क्युरी दांपत्याचे नाव देण्यात आले आहे. क्युरी हे एकक आज बेक्वेरेलने मागे टाकले असले, तरी काही ठिकाणी अद्याप वापरात आहे. पॅरिसची रेडियम संस्था आता क्युरी इन्स्टिट्यूट म्हणून कर्करोगाचे संशोधन व उपचार करते. कर्करोगावरील किरणोपचारात आता रेडियमऐवजी अधिक सुरक्षित किरणोत्सर्गी द्रव्ये व प्रवेगक यंत्रे वापरली जातात. गाठीला पुरेशी व निरोगी भागाला कमीत कमी मात्रा मिळावी, या तत्त्वावर हे उपचार आधारलेले असतात.

किरणांशी संबंधित व्यवसायांत काम करणाऱ्यांसाठी आता आंतरराष्ट्रीय मर्यादा ठरलेल्या असून पाच वर्षांची सरासरी दरसाल २० मिलीसिव्हर्टपेक्षा अधिक असू नये, असा संकेत आहे. सर्वसामान्य जनतेसाठी ही मर्यादा नैसर्गिक व वैद्यकीय मात्रा वगळून दरसाल १ मिलीसिव्हर्ट आहे. भारतात या मर्यादांची अंमलबजावणी मुंबईस्थित अणुऊर्जा नियामक मंडळ करते. क्ष-किरण विभागातील तंत्रज्ञ छातीवर लावतात तो मात्रामापक बिल्ला याच व्यवस्थेचा भाग होय. मेरी यांच्या काळात मात्रा मोजण्याची अशी नियमित व्यवस्था रूढ नव्हती. त्यामुळे त्यांना आयुष्यभरात किती मात्रा मिळाली, याचा नेमका हिशेब आज करता येत नाही.

मेरी यांच्या प्रयोगवह्या पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जतन केलेल्या आहेत. त्यांची पाने रेडियमने दूषित असल्याने त्या शिशाच्या पेट्यांत ठेवल्या आहेत व त्या पाहू इच्छिणाऱ्या अभ्यासकांना जोखमीची जाणीव असल्याचे लेखी मान्य करावे लागते.